मधात ठेवा!

भाऊबीज आटोपली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडया सुरू होतात. अर्धा धान कापलेला, अर्धा बांधीत उभा, आणि गावोगाव आपापल्या ठरल्या तारखेला बाजार भरतो. दिवसा दंडार नि खडी गंमत होते, लेकी-जावई येतात आणि रात्री नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या सुमाराला उभं राहतं ते कोंबडं आरवेपर्यंत बसत नाही. त्यासाठी वडशाहून कंपनी येते, पडदे येतात, ऑर्गनवाला येतो. गावाने द्यायचं ते मैदान, माईक, प्रेक्षक आणि आवाजाबद्दलची मतं. पैकी शेवटची गोष्ट आमच्याकडे धानापेक्षा जास्त पिकते, आणि तिला पाणीही लागत नाही.

मंडळाच्या सभेत कामं वाटली जातात. तिकीट, कनात, कलावंतांचं जेवण ही मानाची कामं. माईक हे बिनमानाचं काम, कारण आवाज चांगला लागला तर नटीचं कौतुक होतं आणि वाईट लागला तर माईकवाल्याच्या घराण्याचा उद्धार. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या पुराव्यावर ते काम दरवर्षी माझ्याकडे येतं. करायचं काहीच नसतं. माईकवाल्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या सूचना ऐकून घ्यायच्या. माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करायला तालुक्यात याहून चांगली जागा नाही.

पहिली सूचना पडदा उघडायच्या आधीच येते. "जरासा वाढव ना गा!" असं म्हणणारा नेहमी मागच्या बांधावरून आलेला असतो. "अगा, कमी कर, डोस्कं फुटून रायलं" म्हणणारा भोंग्याखालून उठून आलेला असतो. दोघांपैकी कोणालाही आपली जागा बदलावी असं वाटत नाही. आणि दोघंही बोलताना माईकवाल्याकडे बघत नाहीत, मशीनवरच्या बटणाकडे बघतात. आवाज त्या बटणात असतो, अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे.

बटणात आवाज नसतो. आमच्या भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांना तुडूम असतं ना, तेवढंच काम बटणाचं. तुडूम उघडलं की पाणी बांध्यांमध्ये उतरतं, पण पाणी काही तुडूम तयार करत नाही. व्हॉल्यूमचं बटण म्हणजे तीन पायांचा एक बदलता रोध. दुकानात त्याला पॉट म्हणतात, नाहीतर नुसतं कंट्रोल. आत काळ्या कार्बनचा गोलाकार पट्टा आणि त्यावरून फिरणारी धातूची जीभ. पट्ट्याच्या एका टोकाला माईककडून आलेला सिग्नल, दुसरं टोक अर्थला, आणि जीभ जिथे टेकेल तिथे जेवढा हिस्सा हाती लागेल तेवढा पुढे. म्हणजे बटण पूर्ण उजवीकडे नेलं तर आवाज वाढत नाही, बटण फक्त आडवं यायचं थांबतं. ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने मंडळाच्या अध्यक्षांना सांगितली. "म्हणजे इतके वर्षं हा आडवा येऊन रायला होता?" असं म्हणून त्यांनी माईकवाल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहिल्यापासून असलं ज्ञान मी फक्त दहावीच्या वर्गात वाटतो.

आता हे कंट्रोल निवडायचं कसं? गोंदियाच्या बाजारात जाऊन "व्हॉल्यूम कंट्रोल द्या जी" म्हटलं की दुकानदार मान वर न करता विचारतो, "किती के?" के म्हणजे हजार ओहम. 10 के, 47 के, 100 के अशा डब्या मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाईक बहुधा मोठा आकडा मागतं, कारण पैसे तेच पडतात. खरा प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही: ए की बी? ते अक्षर पॉटच्या अंगावरच छापलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक मालावर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर. जुन्या युरोपीय मालावर नेमकं उलटं, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाप-लेकात वितुष्ट यावं अशी सोय कारखान्यातूनच करून ठेवलेली.

हा फरक मशीनसाठी नाही, कानासाठी आहे. आपला कान हिशेबात फार कच्चा. भोंग्यात जाणारी शक्ती दुप्पट केली तर वाढ होते 3 डेसिबलची, आणि कान म्हणतो, "वाढला वाटतं थोडा." आवाज दुप्पट झाला असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं तर शक्ती साधारण दहापट करावी लागते. अशा कानापुढे लिनियर पॉट ठेवला तर पहिल्या पाव फेऱ्यात शांततेपासून थेट कानठळ्यांपर्यंतचा प्रवास होतो आणि उरलेल्या पाऊण फेऱ्यात जेमतेम 12 डेसिबल शिल्लक राहतात. बी पॉटच्या मशीनवर 'जरासा' ही सूचना अमलात आणता येत नाही. तिथे दोनच आज्ञा चालतात, 'मेला' आणि 'मारला'. लॉग पॉट मात्र कानाचा कल ओळखून वागतो. बटण अर्ध्यावर आलं तरी तो सिग्नलचा दहा-पंधरा टक्केच भाग सोडतो, आणि कानाला वाटतं की आवाज बटणाच्या चालीनेच वाढतो आहे. एखाद्या यंत्राने माणसाच्या समजुतीचा इतका मान राखावा हे मला फार थोर वाटतं.

स्वस्तातला लॉग मात्र खरा लॉग नसतोच. दोन सरळ पट्टे जोडून वळण असल्याचा आव आणलेला असतो. आमचा माईकवाला म्हणून सरळ 100 केचा बी पॉट घेतो आणि जीभ नि अर्थ यांच्यामध्ये 15 केचा एक साधा रोध डाक लावून बसवतो. पॉट लॉगच्या चालीने चालू लागतो. हा उपाय त्याला कोणी शिकवला हे तो सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, लिनियर माणसालेही मधात एखांदी अडचन टाकली का तो लॉग होतेच."

नाटकाच्या पहिल्या अंकाअखेर 'वाढव' पक्ष आणि 'कमी कर' पक्ष समोरासमोर येतात. मग गावातले एक वयस्क उठतात. यांनी धुऱ्याचे वाद मिटवलेले, सोयरिकी जुळवलेल्या, विहिरीची वाटणी केलेली. ते दोन्ही बाजू ऐकून घेतात, बटणाकडे पाहतात आणि निकाल देतात, "मधात ठेवा!" सारं गाव समाधानाने खाली बसतं. पदार्थविज्ञान तेवढं उभं राहतं.

कारण सांगतो. पूर्वी आमच्याकडे घरगुती बनावटीची एक मिक्सर पेटी होती. तिच्यात नुसता 100 केचा पॉट आणि तिथून थेट मशीनपर्यंत तीसेक मीटर वायर. पॉट पूर्ण उघडा असला किंवा पूर्ण बंद असला तर वायरला पाठीमागून होणारा विरोध किरकोळ असतो. पण जीभ बरोबर मध्यावर आली की तो विरोध सर्वांत जास्त होतो, पॉटच्या किमतीच्या पाव हिश्श्याएवढा, म्हणजे 25 के. शील्ड वायर स्वतः एक लांबोडा कपॅसिटर असते, मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. तीस मीटरचे झाले 3000. गुणाकार-भागाकार केला तर 2,100 हर्ट्झच्या वरचे स्वर वाटेतच गळायला लागतात. आणि मराठीतल्या 'स' नि 'श' यांचं सगळं बिऱ्हाड त्याच्याही वर असतं. त्यामुळे गावाने सर्वानुमते बटण मधात ठेवलं, की खलनायक सावकार मिशीला पीळ भरून गरजायचा, "फाफरेबुवा, फात-बाऱ्यावर फही करा!" प्रेक्षकांना वाटायचं, कंपनीने यंदा बोबडा सावकार आणला. बटण एखाद्या टोकाकडे नेलं असतं तर त्याचे दात परत आले असते. पण निकाल लागला होता.

या दुखण्यावर औषध साधं आहे. 100 केच्या जागी 10 केचा पॉट बसवायचा. पाव हिस्सा अडीच के, गळती 21,000 हर्ट्झच्या पलीकडे गेली, म्हणजे माणसाच्या कानाच्याही बाहेर. मग सगळीकडे 10 केच का नाही लावत? कारण बारका पॉट मागच्याकडून जास्त करंट मागतो. ऑर्गन किंवा मोबाइल ते हसत देतो. जुन्या पद्धतीच्या क्रिस्टल माईकला ते झेपत नाही, त्याचा खर्ज तिथल्या तिथे बसतो आणि कीर्तनकाराचा आवाज डब्यातून येतो. म्हणून धंद्यातला नियम असा की मागच्याचा जेवढा इंपीडन्स, त्याच्या किमान दहापट पुढच्याचा असावा. आजचे नाटकातले डायनॅमिक माईक 200 ते 600 ओहमच्या घरातले, म्हणून मिक्सरचं तोंड काही हजारांचं असलं तरी गाडी चालते. नुसता पॉट निवडता येत नाही. त्याच्या मागे कोण उभं आहे आणि पुढे कोणाला पोचवायचं आहे, हे आधी विचारावं लागतं.

इथपर्यंत सगळं मिलिव्होल्टचं राजकारण आहे. खरी हाणामारी मशीनच्या पाठीमागे होते. गावातली मशीनं बहुतेक दिल्लीच्या अहुजाची. ही कंपनी 1940 पासून देशाला मोठ्याने बोलायला शिकवते आहे. अशा मशीनच्या पाठीवर 4, 8, 16 ओहम आणि 70 नि 100 व्होल्ट असे खिळे असतात. त्यांकडे पाहून मंडळातल्या तरुणांना एकच कळतं, की बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. "आपल्या घरी दोन डबे पडून हायेत, तेही जोडू!" 8 ओहमचा एक डबा, त्याला समांतर दुसरा जोडला की झाले 4. आणखी दोन जोडले की 2. स्पीकर वाढले की ओहम घटतात आणि मशीनकडे करंटची मागणी वाढते, हे गणित तरुणांना पटत नाही. "डबे वाढले तं आवाज कमी कसा होईन?" कमी नाही होत. आधी वाढतो, मग मशीन तापतं, मग फ्यूज जातो. फ्यूजला नाटकाची जाण चांगली आहे, हे मी अनुभवाने सांगतो. तो नवरा-बायकोच्या कंटाळवाण्या प्रवेशात कधी जात नाही. बहिणीने भावाला ओळखलं आणि ती हंबरडा फोडणार, तिथे जातो.

एका उत्साही जावयाने तर शहरातून आपली होम थिएटरची पेटी आणली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरात चार आकडी वॅट आणि पुढे बारीक अक्षरात पीएमपीओ. तिला करंट पुरवणारा अडॅप्टर 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा. 12 गुणिले 1 बरोबर किती, हे त्या जावयाला सासरच्या माणसांसमोर विचारणं मला प्रशस्त वाटलं नाही.

मागच्या बांधावरच्यांना ऐकू जावं म्हणून एक स्पीकर दूर आंब्याच्या झाडाला बांधायची टूम दरवर्षी निघते. शंभर मीटर लांब, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन तिचा स्वतःचा रोध जवळपास साडेतीन ओहम होतो. पुढे 4 ओहमचा स्पीकर. म्हणजे शंभरातले सेहेचाळीस वॅट वायरच खाते. मंडळाने वर्गणी काढून कार्तिकातल्या थंडीत शंभर मीटर वायर शेकत ठेवायची, आणि मागचे लोक पुन्हा येऊन म्हणणार, "जरासा वाढव." यावर तोड म्हणजे 100 व्होल्टची लाइन. भोंग्यामागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या 10 वॅटच्या टोकाला जोडलं की वायरला पुढे 4 ऐवजी 1000 ओहम दिसतात. करंट एवढासा, वायर थंड, आवाज झाडापर्यंत शाबूत. कोराडीच्या केंद्रातली वीज आमच्यापर्यंत येते ती याच युक्तीने. फक्त सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा वर जाऊ द्यायची नाही. बेरीज हा विषय मंडळाच्या जमाखर्चातही जरा नाजूकच आहे.

जुळवाजुळवीबद्दल आणखी एक गैरसमज शाळेतूनच पसरतो, आणि पसरवणाऱ्यांत मीही पगारी आहे. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने सिद्धांत आहे, की मागचा नि पुढचा रोध सारखा असला की जास्तीत जास्त शक्ती पलीकडे जाते. पोरं ते पाठ करतात. मग पुढे मशीन विकत घेतात आणि '8 ला 8 जुळलंच पाहिजे' म्हणून हट्ट धरतात. सिद्धांताची दुसरी ओळ परीक्षेत येत नसते: अशा बरोबरीच्या जोडीत अर्धी शक्ती मागच्याच्याच पोटात जळते. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावून जुळवून घेणं भाग होतं. आजचं ट्रान्झिस्टरचं मशीन जुळवत बसत नाही. त्याचा स्वतःचा रोध एका ओहमच्या लहानशा अंशाएवढा, आणि '8 ओहम' म्हणजे 'याहून खाली आणू नका' एवढीच विनंती. तुम्ही 16 जोडले तर ते रागावत नाही, थोडं कमी काम करतं.

खरी जुळवाजुळव कोणी करत असेल तर भोंगा करतो, आणि त्याला कोणी श्रेय देत नाही. स्पीकरचा पडदा जड, हवा हलकी. पडदा धडपडतो आणि हवा त्याच्या हाताला लागत नाही. म्हणून साध्या डब्यातल्या स्पीकरमध्ये शंभर वॅट ओतले तर आवाज होऊन बाहेर पडतात जेमतेम एक-दोन. बाकीची ऊब. भोंग्याचं तोंड मात्र सुरुवातीला चिंचोळं, तिथे हवेची दाटी, पडद्याला रेटायला काहीतरी सापडतं. मग तो हळूहळू फाकत जातो आणि ती दाटी मोकळ्या मैदानाच्या हवाली करतो. सनईच्या आणि तुतारीच्या टोकाला पसरट तोंड असतं ते दिसायला बरं म्हणून नाही.

अशीच व्यवस्था ऐकणाऱ्याकडेही आहे. आपल्या आतल्या कानात पाणी आहे. हवेतला आवाज सरळ पाण्यावर आदळला तर हजारात एक भाग आत शिरतो, बाकी परत फिरतो. म्हणून मधल्या कानात तीन इवलीशी हाडं बसवली आहेत. पडदा मोठा, आतली खिडकी त्याच्या सतराव्या हिश्श्याएवढी, आणि मधे हाडांची तरफ. बुडालेला आवाज बहुतेक सगळा वसूल होतो. म्हणजे मंडळाच्या प्रत्येक सदस्याच्या दोन्ही कानांत उत्तम प्रतीचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर जन्मतःच बसवलेला आहे. बिघाड सगळा त्याच्या पुढच्या भागात आहे.

कायद्यालाही कान आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. राज्य सरकार सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. नियम करणाऱ्यांनी वेळ निवडली ती नेमकी झाडीपट्टीच्या नाटकाची, हा योगायोग आहे असं आम्ही समजतो. 45 डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांनी हळू आवाजात बोलावं तेवढं. आमच्या नाटकातला नायक नायिकेला एकांतात प्रेमाचे चार शब्द बोलतो, तेसुद्धा शेजारच्या गावाला कळावेत असे बोलतो.

आणि या जिल्ह्यात खुद्द सारस राहतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत उरला आहे, तोही मोजका. त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून वेटोळं घेते, आणि नर-मादी मान वर करून जोडीने ओरडतात तेव्हा ना मशीन, ना ट्रान्सफॉर्मर, ना परवानगी. उजाडताना नाटक सुटतं तेव्हा कधीकधी लांबच्या तलावावरून त्यांची जोडी सुरू होते. आमचा माईकवाला वायरी गुंडाळता गुंडाळता थांबून ऐकतो नि धंद्यातला माणूस दुसऱ्या धंदेवाल्याबद्दल बोलतो तसं बोलतो, "फीडबॅक नाही जी बिलकुल."

हाच माणूस दोन वर्षांपूर्वी एका निष्कर्षाला आला. ज्याला बटण फिरवायचं आहे त्याला ते फिरवू द्यावं. त्याने मिक्सरच्या कडेला, अध्यक्षांच्या खुर्चीवरून हात पोचेल अशा ठिकाणी एक मोठं काळं बटण बसवलं. वर लाल रंगात 'मेन' लिहिलं. आत पॉट आहे, पण त्याला एकही वायर जोडलेली नाही. त्या रात्री 'वाढव'वाले आले, अध्यक्षांनी बटण दोन बोटं उजवीकडे नेलं, "आता?" म्हणून विचारलं. "आता बराबर!" 'कमी कर'वाले आले, बटण दोन बोटं डावीकडे. "हां, आता आयकू येते साफ." वयस्क उठले आणि म्हणाले, "मधात ठेवा." मधात ठेवलं. सावकाराचे सगळे दात जागेवर होते. खरं बटण माईकवाल्याच्या मांडीखालच्या पेटीत होतं आणि त्याला रात्रभर कोणी हात लावला नाही, त्यानेसुद्धा.

मी त्याला विचारलं, "ज्याला वायरच नाही, त्याला ए लावलास का बी?"

"ए लावला गुरुजी, चांगल्यातला. अध्यक्षाच्या हाताले फरक समजते."

यंदा पंचायतीची निवडणूक झाली आणि मंडळात दोन गट पडले. माजी अध्यक्षांनी अट घातली की त्यांच्या खुर्चीशेजारीही बटण पाहिजे, नाहीतर वर्गणी नाही. माईकवाल्याने कुरकुर न करता दुसरं काळं बटण बसवून दिलं, त्याच मापाचं, त्याच रंगाचं. पहिल्या अंकात आजी अध्यक्षांनी आवाज वाढवला की माजी अध्यक्ष कमी करत, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या नेत्यावर खूश होती. दुसऱ्या अंकात भांडण लागलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. माजी अध्यक्षांचं म्हणणं होतं की त्यांच्या बटणाचा आवाज जास्त गोड आहे.